तीन खोकी आणि धायरीची भुरी

धायरी,
२८ ऑक्टोबर २००१

इवाईबुवा श्रीधरराव यांना यमुनाबाईचा रामराम.

पत्र बघून दचकू नका. पोरं अमेरिकेत खुशाल हायत. परवाच योगेशचा फोन आलता. तुमची भाग्यश्री तिकडं जाऊन भाकरी थापायला शिकली म्हणं. इथं सासूजवळ व्हती तवर परातीला हात लावला न्हाई, आता सातासमुद्रापार जाऊन थापतीय. असू दे, शिकली हे झ्याक झालं.

तुमी म्हणाल, घरात फोन असताना पत्र का? तर फोन हाय सोनबा भाऊजींच्या खाटंपाशी, आन हे पत्र हाय त्यांच्याच विरुद्ध. योगेश म्हणतो, आई, ईमेल शिक. म्हटलं, आधी तुझ्या बापाला वाजलेला फोन उचलायला शिकव.

आता मुद्द्याचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमी माझ्या गुलाबाच्या बागंत हिंडला व्हता. खिशातनं भिंग काढून पानं बघितली. आमच्या भावकीतली माणसं म्हणाली, इवाई सोनार हाय का काय! तवा तुमी मला सांगितलं, विहीणबाई, दर फवारणीला औषध बदला, एकच मारत बसलात तर पुढं ते लागू पडत न्हाई. मी खूणगाठ बांधली. तवापासनं एक औषध लागोपाठ दोनदा मारलं असंल तर शपथ.

आन तरीबी भुरी आली! दसऱ्यापासनं जी बसलीय ती उठायचं नाव न्हाई. कोवळी पानं मुडपली, कळ्यांच्या मानंवर जणू तांदळाचं पीठ भुरभुरलंय. अशी कळी बाजारात कोण घेतंय?

हे दुखणं साधं न्हाई. सोनबा भाऊजींना ही वीस गुंठं बिल्डरला द्यायचीत. त्यो माणूस दर आयतवारी येतो, चहा पितो आन माझ्या बागंकडं बघून "इथं पार्किंग" म्हणतो. आमचे मालक दोन्हीकडनं मान डोलावत्यात. शेवटी मीच भाऊजींना म्हटलं, चौदा फेब्रुवारीला कॉलेजची पोरंपोरी एकमेकाला लाल फूल देत्यात, त्या दिवसांत रोज टेम्पो भरून माझी फुलं मार्केट यार्डात गेली, तर बाग राहील. न्हाई गेली, तर होळीला मी आपणहून सही करीन. भाऊजी शब्दाचे पक्के, "ठरलं" म्हणाले.

नांगरट मालकांनी केली, पाणी भाऊजींनी दिलं, पण कलमाचा एकेक डोळा म्या माझ्या हातानं भरलाय. त्यावर गाड्या उभ्या राहिलेल्या मला बघवायच्या न्हाईत. तेवढं काय ते सांगा, आन लौकर सांगा.

तुमची ईन,
यमुनाबाई


विश्रांतवाडी,
३ नोव्हेंबर २००१

सौ. यमुनाबाई विहीणबाई यांस सविनय नमस्कार.

आपले पत्र मिळाले. पाकीट आपण इतक्या खळीने चिकटवले होते की ते उघडेपर्यंत माझा चहा निवला. भाकरीविषयी आनंद वाटला. भाग्यश्रीच्या आईला, इंदूला, मात्र या बातमीतच काही चूक असावी असे वाटते.

आता भुरी. मी पीकसंरक्षणाच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षे बुरशीनाशके तपासली, तेव्हा या विषयात माझे दोन शब्द ऐकायला हरकत नसावी. लोकांना वाटते, बुरशी औषधाला सरावते, दारुड्यासारखी. तसे नाही. आपण एक पंगत डोळ्यांपुढे आणा. हजार माणसे बसली आहेत आणि वाढपी एकच पदार्थ वाढतो आहे, जहाल तिखट रस्सा. नऊशे नव्याण्णव उठून पळाले. एकाला जन्मतःच तिखट लागत नाही, तो आरामात जेवला. पुढच्या पंगतीला त्याचीच मुले, त्याच्या पुढच्या पंगतीला नातवंडे. चार पंगतींनंतर रस्सा तोच, वाढपी तोच, पण मांडवातून एकही माणूस उठत नाही. भुरीची अशी एक पिढी आठवड्याभरात तयार होते आणि एका पानावर बीजाणू असतात लाखांनी. तिखट न लागणारा त्यांत एखादा असतोच. औषध त्याला घडवत नाही, फक्त बाकीच्यांना उठवून त्याला जागा करून देते.

म्हणून पदार्थ बदलायचा. तिखट चालणाऱ्याला कारले चालेलच असे नाही. आपण औषध बदलत असता तर ही वेळ आली नसती. तेव्हा स्पष्ट लिहितो, राग मानू नये: आपण बदलत नसणार. शेतकरी 'बदलले' म्हणतात आणि घरात उरलेलेच संपवतात, हा माझा तेहतीस वर्षांचा अनुभव आहे.

कळावे. लोभ आहेच, तो या पत्राने कमी होणार नाही अशी आशा.

आपला,
श्रीधर खांबेटे


धायरी,
९ नोव्हेंबर २००१

इवाईबुवांना रामराम.

राग मानू नये म्हणून लिहिलंत, म्हणून मानत न्हाई. पण आला. लई आला. दोन दिस भाकऱ्या जाड झाल्या, मालकांनी मुकाट्यानं खाल्ल्या.

मी खोटं बोलती? माझ्याकडं कालनिर्णय टांगलंय, त्यावर योगेशच्या जुन्या रंगपेटीतल्या पेन्शिलीनं खुणा हायत. पयल्या फवारणीला लाल खोकं, धा दिवसांनी निळं, मग हिरवं, की पुन्हा लाल. आमावस्या असू दे का पाव्हणं, एक दिवस चुकला न्हाई. लाल माळवाडीच्या दुकानातनं, निळं सिंहगड रोडच्या, हिरवं पार मार्केट यार्डातनं आणवलं, एकाच दुकानदारानं फसवाया नको म्हणून. मापबी वाढवून बघितलं, एका टोपणाचं दीड केलं. भुरीनं ते बी पचवलं.

तुमच्या पंगतीचं मला समजलं, चांगलं सांगितलं. पण माझ्या पंगतीत मी रस्सा, कारलं, मेथी तिन्ही वाढली. तरी एक माणूस उठंना. आता तुमीच सांगा, ह्यो आचाऱ्याचा दोष का पुस्तकाचा?

फुलांच्या टेम्पोवाल्याबरोबर पाठवतीय ते बघून घ्या. ओल्या फडक्यात भुरीची पानं, आन कागदाच्या तीन पुड्या. लाल दोरा लाल खोक्याची, निळा निळ्याची, हिरवा हिरव्याची. तुमी तपासणारे ना, मग तपासा. आन मग कोण खोटं ते लिहा.

पोरांना यातलं काय कळवू नका. सुनंला वाटायचं सासू बापाशी भांडती. भांडतीच हाय, पण तिला वाटाया नको.

यमुनाबाई


विश्रांतवाडी,
१ डिसेंबर २००१

सौ. विहीणबाई यांस साष्टांग नमस्कार. (साष्टांग का, ते पुढे.)

उत्तराला उशीर झाला कारण भुरीला वाढायला वेळ द्यावा लागतो. आपण लग्नात दिलेले गुलाबाचे रोप आमच्या गॅलरीत आहे. त्यावर मी कधीच काही फवारले नाही, म्हणून त्याची निरोगी पाने घेतली. आपल्या तिन्ही पुड्यांची पाणी बनवली: साधे माप, दुप्पट, चौपट. पाने बुडवून वाळवली, वाट्यांत पाण्यावर तरंगत ठेवली. अर्ध्यांवर आपल्या धायरीची भुरी झटकली, अर्ध्यांवर आमच्या कॉलनीच्या फाटकावरच्या गुलाबाची. त्या फाटकावर कोणी औषध मारत नाही. कोणी पाणीही घालत नाही.

वाट्या इंदूच्या होत्या. चोवीस. तिच्या लग्नात आलेल्या. औषध लागलेल्या वाट्या पुन्हा स्वयंपाकात घेता येणार नाहीत हे मी तिला प्रयोग सुरू झाल्यावर सांगितले. तेव्हापासून आमटी ताटात ओतून मिळते, ती भातापर्यंत पोचायच्या आत लोणच्याखाली गेलेली असते. सध्या घरात संभाषण कमी आहे.

निकाल असा. आमच्या फाटकाची भुरी साध्या मापातच मेली, तिन्ही औषधांत. म्हणजे औषधे बनावट नाहीत. आणि आपली भुरी? तिन्हींत वाढली. चौपटीतही वाढली. वाटीच्या काठावर येऊन जणू माझ्याकडे पाहत होती.

विहीणबाई, आपण खरे बोलत होता. मी आपल्याला खोटे ठरवले, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. आपले कालनिर्णय कुठल्याही प्रयोगशाळेच्या वहीला लाजवील.

पण आता खरी गोष्ट. तीन वेगळ्या औषधांना एकाच वेळी पुरून उरणारी भुरी मी उभ्या नोकरीत पाहिलेली नाही! मी निबंध लिहायला घेतला आहे. 'धायरी परिसरातील गुलाबावरील बहुप्रतिकारक भुरी', पाने बावीस झाली. आपले नाव आभारात घालीनच. निवृत्त माणसाला कोणी विचारत नाही, विहीणबाई. गेली सहा वर्षे मी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीचा सेक्रेटरी आहे. आता जरा बघतील.

बागेचे मात्र काय करावे, प्रामाणिकपणे, सुचत नाही.

आपला,
श्रीधर


धायरी,
६ डिसेंबर २००१

इवाईबुवांना रामराम.

क्षमा मागितलीत, पावली. भाकऱ्या पुन्हा पातळ झाल्या.

पण त्यो निबंध जरा थांबवा.

तुमचं पत्र वाचून मला सारखं वाटाया लागलं, तीन औषधं, आन तिन्हींची गत एकच कशी? मग मी एक केलं. तिन्हींची पाणी तीन बादल्यांत एकदम कालवली. तिन्हीचा रंग सारखा, तिन्हीचा वास सारखा, तिन्ही बुडाला सारखीच बसली. मी आजवर धा दिवसांच्या अंतरानं एकेक कालवत आली, शेजारीशेजारी कधी ठिवलंच न्हाई. तीन सुना एका रांगेत बसवून बघितल्या असत्या तर कळलं असतं की तिघी सख्ख्या बहिणी.

मग खोकी घेऊन अंगणात बसली. वर मराठीत मोठी नावं, तीन खोक्यांवर तीन. एकावर वाघ, एकावर सूर्य, एकावर डोळं झाकून हसणारा शेतकरी. पण खाली मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ हाय. मला इंग्रजी येत न्हाई, पण रांगोळीचं ठिपकं जुळवता येत्यात. लाल खोक्यावरच्या ओळीतला पयला शब्द, अकरा अक्षरं. पयलं चंद्रकोरीवाणी, शेवटचं तीन पायांचं. निळ्यावर बघितलं: अकरा, चंद्रकोर, तीन पाय. हिरव्यावर बी तेच. मधलं एकेक अक्षर बोट ठिवून जुळवलं. तिळाचा फरक न्हाई.

तिन्ही पट्ट्या कात्रीनं कापून खाली चिकटवल्यात. काय लिहिलंय ते तुमी वाचा. मला वाटतं मी तीन दुकानं हिंडून, तीन रंगाच्या पेन्शिली झिजवून, सहा महिनं एकच रस्सा वाढला.

इवाईबुवा, तुमी मला औषध बदला म्हणाला, मी खोकं बदललं. यात माझं चुकलं. पण खोक्याच्या पोटात काय ते बघा, असं तुमी पण म्हणाला न्हाईत. आन तपासताना खोकी मागितली न्हाईत. दोऱ्याच्या रंगावर इसंबून राहिलात, माझ्यावाणीच.

आता अडीच महिनं बी राह्यले न्हाईत. बिल्डरनं काल टेप लावून बांध मोजला. मला बाग पायजे. सांगा.

यमुनाबाई


विश्रांतवाडी,
११ डिसेंबर २००१

सौ. यमुनाबाई,

पट्ट्या वाचल्या. तिन्हींवर 'कार्बेन्डाझिम' आहे. औषध एकच, कंपन्या तीन.

बावीस पाने मी फाडली नाहीत. पाठकोऱ्या म्हणून ठेवली आहेत, हे पत्र त्यातल्याच एका पानामागे आहे. उलटून वाचू नये ही विनंती.

तेहतीस वर्षे ज्या माणसाने दुसऱ्यांच्या बाटल्यांवरची लेबले तपासली, त्याने पुडीवरचा दोरा पाहून तीन औषधे मोजली. इंदूला सांगितले. प्रयोगापासून पहिल्यांदाच ती मनापासून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, "वाट्या गेल्या त्या गेल्या, पण विहीणबाई हुशार मिळाल्या." मी सहमत आहे, आणि लाजही वाटते आहे.

आता उपाय. धीराने वाचा, कारण पहिली गोष्ट आपल्याला आवडणार नाही. पंचवीस डिसेंबरच्या सुमारास सगळी बाग छाटा. सगळी, कळ्यांसकट. छाटणीपासून फुलाला साधारण सात आठवडे लागतात, म्हणजे बरोबर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. छाटलेले एक पानही बागेत राहता कामा नये, भुरीचे घर तेच.

दुसरे, हे अकरा अक्षरांचे औषध बंद. माप वाढवून उपयोग नाही. ज्याला तिखट लागतच नाही त्याला दीड वाटी रस्सा वाढून काय होणार?

तिसरे, पाण्यात मिसळणारे साधे गंधक आणा. जुने, स्वस्त, कोणी जाहिरात न करणारे. आपले औषध बुरशीत एकाच दाराने शिरत होते. ते दार ज्या भुरीला जन्मतःच वेगळे होते ती वाचली. गंधक दहा दारांनी शिरते, दहाही दारे बंद असलेली भुरी सहसा जन्माला येत नाही. सकाळी गारव्यात मारा, भर उन्हात पाने करपतील. पुढे दुसरे एखादे औषध लागलेच तर दुकानदाराला नाव विचारू नका, खालची ओळ जुळवा. ती विद्या आता आपल्याकडे आहे.

आणि कुंपणाकडची एक ओळ औषधावाचून सोडा. तिथे जुनी, साधी, औषधाने मरणारी भुरी जगू दे. सगळी साधी मेली तर मागे फक्त पहिलवानच उरतात.

छाटणीचा सल्ला चुकला तर आपल्या हातात फेब्रुवारीत फूलही नसेल. हे मला माहीत आहे, आणि म्हणून झोप नीट लागत नाही.

श्रीधर


धायरी,
२६ डिसेंबर २००१

इवाईबुवांना रामराम.

काल छाटली. चार बाया व्हत्या, पण पयली कात्री म्या चालवली. कळ्या टोपलीत पडताना रडू आलं आन मग राग आला, आन रागात काम भराभर झालं.

सांजंला सोनबा भाऊजी बांधावर आलं. नुसतं खुंट बघून म्हणाले, "वहिनी, बिल्डरचं काम तुमीच सोपं केलं की!" आन चहा प्यायला गेले. मालक म्हणाले, "पडंल काय तरी पदरात." काय पडंल ते त्यांनी बी सांगितलं न्हाई.

पत्रं लिहायला आता उसंत न्हाई.

यमुनाबाई


विश्रांतवाडी,
२० जानेवारी २००२
(पोस्टकार्ड)

सौ. विहीणबाई, तीन आठवड्यांत हे चौथे कार्ड. फुटवे आले का? पानांवर काय? उत्तर नाही म्हणजे बातमी वाईट आहे असे धरून चाललो आहे. तसे असेल तर दोष संपूर्ण माझा, सोनबारावांना मी स्वतः येऊन सांगेन. इंदू म्हणते, "काम करणाऱ्या बाईला कार्डं वाचायला वेळ नसतो." ती तसे म्हणते खरी, पण टपालाच्या वेळेला तीही दारात येते.
श्रीधर


धायरी,
१४ फेब्रुवारी २००२, सकाळ

इवाईबुवा आन इंदुताई, दोघांना रामराम.

कार्डं सगळी पोचली, पाचवं बी पोचलं. शेजारणी इचारायच्या, इवाई पोस्टात कामाला हाय का?

न्हाई लिहिलं, कारण मला माझीच खातरी नव्हती. वाईट लिहू धजंना, चांगलं लिहून दृष्ट लागायची. जानेवारीच्या सुरवातीला तांबूस पालवी फुटली तवा रोज पहाटं पान उलटं करून बघायची, पांढरं दिसतंय का. एकदा दिसलं. जवळ जाऊन बघितलं तर माझ्याच हाताला लागलेलं भाकरीचं पीठ!

आता ऐका. परवापासनं रोज टेम्पो भरून चाललाय. फुलं अशी की पाकळीवर डाग न्हाई. परवा पयल्या दिवशी टेम्पोवाला यायला उशीर झाला, तर सोनबा भाऊजींनी स्वतः स्कूटरला पुढंमागं जुड्या बांधल्या आन मार्केट यार्डात घेऊन गेले. परत आले ते हसतच. एक पोरगा म्हणं त्यांच्या स्कूटरवरनंच फूल मागत व्हता, "काका, एक द्या ना, अर्जंट हाय!" भाऊजींनी दिलं. फुकाट! आमच्या घराण्यात हे पयल्यांदा झालं.

आन काल बिल्डर आला. चहा पिला. भाऊजी म्हणाले, "शब्द दिलाय वहिनीला. पार्किंग दुसरीकडं बघा." मी चुलीपाशी व्हते, पदर तोंडाला लावून रडले, धूर लागला म्हटलं. गॅस हाय आमच्याकडं, पण कुणी इचारलं न्हाई.

कुंपणाकडची ओळ सोडलीय बिनऔषधाची. भाऊजी इचारत व्हते, ही का अशी पांढरी? म्हटलं, हे साधं पाव्हणं हायत, त्यांना बसू द्या. आता त्यांना त्यांच्या वांग्याच्या धा गुंठ्यांत गुलाब लावायचाय. दुसऱ्या खोक्याची कापलेली अकरा अक्षरांची पट्टी पाकिटात घालून हिंडत्यात, माळवाडीचा दुकानदार त्यांना लांबनं बघून शटर वढतो.

टेम्पोबरोबर पन्नास फुलांची जुडी पाठवतीय. आन खाली खोक्यात इंदुताईंना स्टीलच्या चोवीस वाट्या. पयल्या जुडीच्या पैशातनं घेतल्यात, न्हाई म्हणू नका.

तुमची ईन, आन आता मैत्रीण पण,
यमुनाबाई


विश्रांतवाडी,
१६ फेब्रुवारी २००२

सौ. यमुनाबाई यांस,

आपले पत्र, जुडी आणि खोके चौदा तारखेलाच दुपारी मिळाले. पत्र आधी वाचले. दोनदा. मग भिंग घेऊन पन्नासही फुलांच्या माना तपासल्या. भुरी नाही. विहीणबाई, बावीस पानांच्या निबंधापेक्षा मला ही जुडी अधिक वाटते. हे मी उपरोधाने लिहीत नाही. सवय नसल्याने वाक्य जरा अवघडलेले आहे.

नंतर एक गोष्ट केली ती फक्त आपल्याला सांगतो, अमेरिकेत कळवू नये. माझ्या लग्नाला सदतीस वर्षे झाली आणि मी इंदूला आजवर कधी फूल दिले नव्हते. प्रयोगाला दिली, तिला नाही. त्या दिवशी जुडी पाठीमागे धरून स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती आपल्या नव्या वाट्या पुसून फडताळात लावत होती. मी जुडी पुढे केली.

तिने फुलांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि चोवीसच्या चोवीस वाट्या पदराआड ओढल्या.

"नाही मिळणार," ती म्हणाली. "या वेळी काय तपासायचंय ते ताटात तपासा."

आपला,
श्रीधर

ता. क. रात्री आमटी वाटीतून मिळाली. जुडी टेबलावर, पाण्याच्या तांब्यात होती.